बांधावरचं तडस

आमच्या साडूंइतकी रानातली जनावरं अख्ख्या वऱ्हाडात कुणी पाहिली नसतील, आणि इतके फोटो काढूनही त्यातलं एकही दुसऱ्याला दाखवू न शकलेला माणूसही दुसरा नसेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान अकोल्याला जुन्या शहरात राहतात. त्यांची सगळी नोकरी दवाखान्यात एक्स-रे काढण्यात गेली. ‘श्वास रोखा, हलू नका’ असं हजारो लोकांना बजावणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र ते एकदाही जमलं नाही. समोर जनावर आलं की कॅमेऱ्यातून बघायचं ते विसरतात. कॅमेरा छातीपाशी राहतो, डोळे त्याच्या वरून जनावरावर खिळतात, आणि बोट अंदाजाने बटण दाबत सुटतं.

पाहुणा आला की पोह्यांबरोबर अल्बम येतो आणि मेव्हणीबाई आत निघून जातात. मेळघाटातला वाघ म्हणजे पिवळा ओघळ, नीलगायींचा कळप म्हणजे वाऱ्यावर वाळत घातलेल्या चादरी. पण एकेका पानाला अर्धा तास लागतो, कारण वारा कुठून होता, आधी कोणतं पाखरू ओरडलं, जिप्सीत कोणाला खोकला आला, सगळं त्यांना लख्ख आठवतं. मी एकदा न राहवून विचारलं, “यात वाघ कुठे आहे?” ते शांतपणे म्हणाले, “वाघ गेला ना, भाऊ. हे त्याचं जाणं आहे.”

बार्शीटाकळीकडे त्यांच्या चुलतभावाचं शेत आहे. दोन वर्षांपूर्वी ऐन कापूस वेचणीत तिथे बिबट्याची आवई उठली. गावातली दोन कुत्री नाहीशी झाली, आणि वेचणाऱ्या बायांनी शेतात पाऊल टाकायला नकार दिला. कापूस झाडावर लोंबत राहिला. मेलेल्या बकरीत विष घालून ती बांधावर टाकायचं काही जणांनी ठरवत आणलं. नेमके त्याच आठवड्यात साडू तिथे मुक्कामाला होते, आणि एका पहाटे त्यांनी त्या जनावराचा फोटो काढला होता. ही बातमी कळताच ग्रामपंचायतीने त्यांना फोटो घेऊन बोलावलं, वनरक्षकालाही बोलावलं. साडूंनी तो लोकांना नीट दिसावा म्हणून अकोल्याहून मोठा करून आणला, त्यामुळे त्यातला धुरकटपणाही हातभर झाला. सोबतीला मला अमरावतीहून बोलावून घेतलं होतं.

सभागृहात फोटो हातोहात फिरला. एकाने त्यात बिबट पाहिला, दुसऱ्याने वासरू, आणि एका म्हाताऱ्याने ही वाऱ्यावर उडालेली ताडपत्री असल्याचा निर्वाळा दिला. लोक हसायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात वेचणाऱ्या बायांची म्होरकी उठली. ती हसत नव्हती. म्हणाली, “फोटोचं राहू द्या, भाऊ. तुमाले काय दिसलं थे सांगा. आमाले लेकरं घरी ठेवून वावरात जा लागते.”

साडूंनी डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. जनावर तुरीतून निघून बांधावर आलं. पुढून उंच, मागून बसकं, पाठ उतरत गेलेली. मानेवर केस उभे. अंगावर ठिपके नव्हते, काळे पट्टे होते. चालताना लंगडल्यासारखं वाटायचं. यांना पाहून ते थांबलं, एक पाय तसाच उचललेला, मग पाटाच्या ओल्या मातीतून पलीकडे गेलं. कोपऱ्यात बसलेला वनरक्षक हळूहळू पुढे सरकत होता. “हे तडस आहे,” तो म्हणाला. “चला, पाट दाखवा.”

सगळे पाटावर गेलो. वाळलेल्या मातीत पावलं तशीच होती आणि प्रत्येक पावलापुढे नखं उमटली होती. बिबट चालताना नखं आत घेतो, तडसाला ती घेता येत नाहीत, असं वनरक्षकाने समजावलं. तडस मेलेलं खातं, फार तर एखादं कुत्रं उचलतं, माणसाच्या वाटेला जात नाही, असंही सांगितलं. ती बाई बराच वेळ त्या पावलांजवळ उकिडवी बसली होती. दुसऱ्या दिवशी बाया वावरात गेल्या आणि विषाचा विषय तिथेच संपला. गावाने साडूंना शाल-नारळ दिला. त्या सत्काराच्या फोटोत सगळे स्पष्ट आले आहेत, फक्त साडू हलले आहेत.

यंदाच्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे अमरावतीला आले होते. चहा पिताना त्यांच्या मोबाइलवर त्या वनरक्षकाने फोटो पाठवला. बार्शीटाकळीच्या रस्त्यावर गाडीखाली आलेलं तडस. फोटो इतका स्वच्छ होता की मानेवरचा केस न् केस मोजता आला असता. ते तेच होतं की दुसरं, हे कोण सांगणार? साडू चहा खाली ठेवून फोटो बघत राहिले. मग मोबाइल माझ्याकडे देत म्हणाले, “मले पुसता येत नाही. तुमी पुसून टाका.”

मी पुसला. बायकोने त्यांच्यापुढचा गार झालेला चहा उचलून आत नेला आणि गरम करून आणला. साडूंनी तुरीतून निघालेल्या त्या जनावराची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. आम्ही ती सात-आठ वेळा तरी ऐकली होती. त्या दिवशी बायको आत गेली नाही, ऐकत बसली.