सौनात बसवलेला कॉम्प्युटर

रेइनो साल्मीने कॉम्प्युटर सौनात, म्हणजे फिनिश वाफेच्या न्हाणीघरात, नेऊन बसवला, ही बातमी आमच्या हाविस्तो कॉर्नर गावात त्याच्या ट्रकच्या आधी पोहोचली. मिसेस हार्यूंना ती पोस्टातच कळली. ट्रक दाराशी लागला तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून उभ्याच होत्या.

"कितव्या पायरीवर?"

"अं?"

"सौनात, रेइनो. कितव्या पायरीवर बसवलास त्याला?"

"खालच्या. आणि नुसता कोमट होता हो सौना! तळघरात डबा ओलसर झालेला, म्हटलं ओल निघेल."

"वाफ काढायला तापल्या दगडांवर पाणी तर नाही ना ओतलंस?"

रेइनो स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. "एकदाच. सवयीने."

अठ्ठावन्न वर्षांचा, अस्वलाएवढा गडी. पण मिसेस हार्यूंसमोर त्याचा आवाज सातवीतलाच निघतो. गावातल्या प्रत्येकाचंच तसं होतं. एकतीस वर्षं त्यांनी शाळेचं ऑफिस सांभाळलं. कोणाच्या आईच्या सहीत आईचा हात होता आणि कोणाच्या नव्हता, हे त्यांना आजही पाठ आहे. त्यांचं नाव लेंपी. पण लेंपी म्हणायची टाप गावात तिघाचौघांचीच. शाळेत पहिले कॉम्प्युटर आले तेव्हा शिक्षक लोक त्या डब्यांकडे दुरून बघत उभे राहिले, आणि या बाईंनी स्क्रू काढून आत डोकावून पाहिलं. निवृत्त झाल्यावर नवऱ्याच्या, आर्वोच्या, करवती दुरुस्त करायच्या शेडमध्ये त्यांनी टेबल मांडलं. आता वय त्र्याहत्तर. पन्नास मैलांत कोणाची हार्ड डिस्क कुरकुरली की लोक ती टॉवेलात गुंडाळून इथेच आणतात.

रेइनोच्या डब्यात मात्र नुसते फोटो नव्हते. तो आमच्या दफनभूमीचा राखणदार. कोण कुठे पुरलंय आणि कोणती जागा कोणी घेऊन ठेवलीय, ते सगळं त्या एका कॉम्प्युटरात. कागदी वही होती, पण एका हिवाळ्यात बर्फाच्या भाराने टाउन हॉलचं छप्पर बसलं आणि वहीचा लगदा झाला. आणि इकडे उर्हो मात्तिला जानेवारीपासून दफनभूमीच्या दगडी कोठीत वाट बघत होता. आमच्याकडे हिवाळ्यात गोठलेली जमीन खणता येत नाही. थंडीत गेलेल्या माणसाला मे महिना उजाडेपर्यंत थांबावं लागतं. आता जमीन मऊ झाली होती, शनिवारी दफन ठरलं होतं, पाद्री यायचे होते, आणि उर्होने जागा कुठे घेतलीय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बायकोने विचारलं की तो म्हणायचा, "रेइनोच्या कॉम्प्युटरात आहे, तू काळजी करू नकोस."

काळजीचं कारण होतं इर्या. उर्होची पहिली बायको. ती चर्चच्या भिंतीशी निजली आहे, आणि तिच्या शेजारची जागा रिकामी आहे. दुसरी बायको वर्ना. चौतीस वर्षं तिने त्याचे मोजे विणले. तो कोणाच्या कुशीला जाणार यावर गावात पैजा लागल्या होत्या. कोणी लावल्या ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की त्यात चर्चच्या कॉफी कमिटीतल्या दोन बायका होत्या.

मिसेस हार्यूंनी डबा उघडला, डिस्क बाहेर काढली आणि कानाशी धरून हळूच हलवून पाहिली.

"किती वेळा चालू करून बघितलास?"

"रोज. टक् टक् करायला लागला की एक चापटी देतो, मग जरा चालतो."

"म्हणजे म्हातारा धापा टाकतोय आणि तू त्याला पाठीत गुद्दे घालून पळवतोयस. बस तिकडे. कशाला हात लावू नकोस."

"नुसती यादी उतरवून घेता नाही येणार?"

"ती यादी ज्या प्रोग्रॅममध्ये उघडते, तो करणारी कंपनी बुडून वीस वर्षं झाली. नुसतं सामान उचलून उपयोग नाही. घर पायासकट उचलायचं."

मग त्यांची पद्धत सुरू झाली. जुन्या डिस्कला लाल लोकर बांधली, नव्या कोऱ्या डिस्कला निळी. "म्हण," त्या रेइनोला म्हणाल्या, "लालमधून निळ्यात."

"मी कशाला?"

"म्हण."

"लालमधून निळ्यात," रेइनो पुटपुटला. या हट्टाची सगळे टिंगल करतात. पण एकदा, फार पूर्वी, मिसेस हार्यूंनी दिशा उलटी दिली होती: कोरी डिस्क भरलेलीवर उतरवली, आणि आर्वोने अकॉर्डियनवर वाजवून रेकॉर्ड केलेल्या सगळ्या पोल्का, नाचाच्या धुना, दहा मिनिटांत पुसल्या गेल्या. आर्वो तेव्हा जिवंत होता. म्हणाला, "बरं झालं, निम्म्या बेसूरच होत्या." त्याने इतक्या सहज माफ केलं, की त्याबद्दल त्यांनी त्याला कधी माफ केलं नाही.

डिस्कवर पंखा लावला, खिडकी फटीइतकी उघडली. त्यांचा प्रोग्रॅम आधी सहज वाचता येईल तेवढंच उचलतो. जिथे अडेल ते सोडून पुढे जातो. "जांभळ्या बेरी तोडताना काटेरी झुडपात आधी शिरतोस का? आधी मोकळ्यावरच्या. टोपलीत काहीतरी पडू दे," त्या म्हणाल्या. रात्री मशीन चालू ठेवून त्या सरळ झोपायला गेल्या. बघत बसल्याने डिस्क वाचत असती तर गावात एकही बिघडली नसती.

शुक्रवारी सकाळी शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग आले होते. त्यांनी नवी डिस्क जुन्या डब्यात बसवली. कुरकुर न करता दफनभूमीचा नकाशा उघडला. आणि शेवटच्या दोन रांगा कोऱ्या. उर्होचं नाव बाकी कुठेच नव्हतं. इर्याच्या शेजारीसुद्धा नाही.

तेवढ्यात वर्ना आली, हातात वेलदोड्याचा पाव, निसू. गावात कोणाकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. आणि वर्ना तर तोंडही रिकामं ठेवत नाही.

"लेंपी, सांगून टाक. भिंतीशी आहे ना तो?"

"माहीत नाही अजून."

"माझ्यापुढे शाळेतला चेहरा करू नकोस. असला तर असू दे. मी रडणार नाही. फक्त शनिवारी सगळ्यांदेखत कळायला नको."

मिसेस हार्यूंनी तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही डिस्क पुन्हा टेबलावर जोडल्या. उरलेला भाग त्यांनी आता शेवटाकडून सुरुवातीकडे, उलटा वाचायला लावला. पुढून न उघडणारं कुलूप कधी मागून उघडतं. थोडं वाचायचं, मग डिस्कला गार होऊ द्यायचं, पुन्हा थोडं. वर्ना त्या दरम्यान कॉफी कमिटीच्या भानगडी सांगत राहिली, आणि एरवी दुपारपर्यंत पुरणाऱ्या त्या गोष्टी अकरालाच संपल्या. मग ती नुसतीच पाव कुस्करत बसली. दुपारी दोनला जुनी डिस्क एकदा खरवडली आणि कायमची गप्प झाली.

"गेली?" रेइनोने विचारलं.

"गेली. पण देऊन गेली."

नवी डिस्क डब्यात परत बसली. नकाशात शेवटची रांग भरलेली होती. कुंपणाकडची. जिथे बर्फ ढकलणारी गाडी सबंध हिवाळा रस्त्यावरचा बर्फ आणून ओतते, ती रांग. तिथे उर्हो मात्तिला, आणि शेजारच्या चौकोनात, वर्ना मात्तिला.

वर्नाने पडद्यावरच्या त्या चौकोनावर बोट टेकवलं. मग म्हणाली, "कुंपणाशी! सगळ्यात स्वस्त जागा. मेल्याला दुसरं काय सुचणार." आणि रुमाल काढला. "पण दोन घेतल्या, लेंपी. दोन."

"दोन," मिसेस हार्यू म्हणाल्या.

"मी कुठल्या बाजूला आहे?"

"उजव्या."

"छे! उजवीकडे तो निजायचा. मी कायम डावीकडे. चौतीस वर्षांत एकदा बदलून बघितलं तर रात्रभर घोरला. बदलता येतं का ते?"

"मिसेस हार्यू, दफनभूमीच्या नियमाप्रमाणे..." रेइनोने तोंड उघडलं.

"नियम कुणी केले?"

"मी."

मिसेस हार्यूंनी कळफलक पुढे ओढला आणि दोन नावांची अदलाबदल केली. मग जपून ठेवायच्या प्रतीसाठी आणखी एक कोरी डिस्क काढून तिला हिरवी लोकर बांधली आणि वर्नाकडे वळून म्हणाल्या, "आता तू म्हण. निळ्यातून हिरव्यात."