एकटी सोंगटी कधी सोडावी

दत्तूमामा गेल्याचं कळलं तेव्हा मी राजारामपुरीतल्या क्लासमध्ये अकौंट्स शिकवत होते. फोनवर मामी एवढंच म्हणाली, "डाव अर्धाच राहिला गं…" मी उचगावला मामाच्या घरी पोचले तर पट खरंच मांडलेला होता, आणि पाळी मामाची होती.

मामा कुवेतला गॅरेजात होता. तिथं तो बॅकगॅमन शिकला आणि नव्वद सालानंतर गावी परतला तो पट बगलेत मारूनच. आपल्या सारीपाटाचाच हा लांबचा भाऊ. फासे टाकत आपल्या सगळ्या सोंगट्या घरी आणून आधी बाहेर काढेल तो जिंकला. वाटेत एकटी सापडलेली सोंगटी मारता येते, दोघी एका जागी असल्या की हात लावता येत नाही. "आपल्या माणसास्नी मराठीत ह्याचं पुस्तक पायजे," मामानं जाहीर केलं. आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट मी, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. तेव्हा लेखणी माझ्याच हातात आली. मी झोकात लिहिलं, 'प्रतिस्पर्ध्याच्या मार्गाचा अवरोध करणे श्रेयस्कर.' मामीनं विचारलं, "हे कुठल्या देवाचं स्तोत्र हाय?" त्या दिवसापासून मामाचा नियम झाला. प्रकरण मामीला वाचून दाखवायचं, ऐकून तिनं डाव खेळायचा, जमलं तरच पान पक्कं. मी 'वाट अडवा' असं लिहायला लागले आणि मामी जिंकायला लागली.

अडलं एकाच प्रकरणावर… एकटी सोंगटी कधी सोडावी. चांगली जागा धरायची तर कधीकधी एकीला धोक्यात पुढं धाडावं लागतं. मामी मान डोलवायची आणि सोंगट्या जोडीजोडीनंच हलवायची. मग अडकायची, हरायची, आणि मी पान पुन्हा लिहायची. एकदा मामा वैतागला. "अगं, एकटी सोडली की लगेच मरती व्हय?"

"मला सोडून गेलतासा की कुवेतला," मामी भाकरी थापता थापता म्हणाली. "आता सोंगटीला तरी सोबत असू द्या."

मामा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. छापखान्यातून निरोपावर निरोप येत होते. शेवटी त्यानं प्रकरणाखाली माझ्याकडून एक ओळ घालून घेतली : 'लेखकाच्या पत्नीला हे मान्य नाही.' पुस्तक गारगोटीपर्यंत गेलं. भेटेल तो आधी त्या ओळीबद्दलच विचारायचा.

मागच्या आठवड्यात मामीला आमच्याकडं न्यायला गेले. "इथं एकटी काय करणार तू?" म्हटलं. ती पट काढून बसली. फासे पडले आणि तिनं जोडीतली एक सोंगटी उचलून पार पुढं, माझ्या तोंडासमोर नेऊन ठेवली. मला ती मारायचं दान पडलं नाही. पुढच्या फाशात तिनं तिथंच जोडी लावली. माझी वाट बंद.

"न्हाय येत मी. हितंच बरी हाय," मामी म्हणाली. मग चहा ओतताना : "तू ते पुस्तक परत छापणार म्हणालीवतीस न्हवं? त्यातली ती ओळ…"

"काढू?"

"राहू दे. मला पटलं म्हणून कशाला सांगायचं तुझ्या मामास्नी."