माझी वही आणि नीलाअक्का

नीलाअक्का रविवारी मठात आल्या की आधी स्वतःची हिशेबाची वही वाचून दाखवायच्या, आणि त्यात लाज वाटावी असं काही असलं की ते जरा मोठ्यानंच वाचायच्या. "सोमवारी लातूरला गेले. बसस्टँडवर दोन प्लेट भजे खाल्ले, चाळीस रुपये. घरी भावजयीला सांगितलं, उपास हाय." एवढं वाचून त्या चष्म्यावरून सगळ्यांकडे बघायच्या. आमचं हसून झालं की म्हणायच्या, "झालं? आता तुमच्या वह्या उघडा."

अहमदपूरच्या बाजार समितीत तीस वर्षं कारकुनी करून त्या निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. गळ्यात इष्टलिंग, खांद्याला कापडी पिशवी. सकाळच्या पूजेनंतर मठाच्या ओसरीवर त्यांनी हा वर्ग सुरू केला, कारण कायक आणि दासोह हे आपल्या लिंगायतांचे शब्द आता फक्त भाषणात उरलेत, असं त्यांचं मत. कष्टानं मिळवायचं आणि दुसऱ्याच्या मुखात पडेल असा वाटा त्यातून आधी काढायचा, एवढा साधा अर्थ. तो वाटा त्या पगाराच्या दिवशीच काढायला लावत. "देव पैसा मागत न्हाई बाई. कुठं गेला, तेवढं इचारतोय फक्त."

नवरा-बायकोनं एकमेकांची वही वाचायची, हा त्यांचा नियम होता. पहिल्या महिन्यात निम्मी जोडपी अबोला धरून घरी गेली. आम्हा एकट्यांना त्या आपापसांत सोबती लावून देत. "एकट्या माणसाच्या पैशाला 'कुठं चाललास' म्हणणारं कोणी नसतंय," असं त्या म्हणत. एकटे आम्ही पाच जण, म्हणून उरलेल्या माझी वही अक्का स्वतः बघत.

मी तेव्हा छत्तीस वर्षांची, एका खासगी शाळेत शिक्षिका. लग्न झालेलं नाही म्हटल्यावर लोक माझ्याशी उगाच हळू आवाजात बोलतात, त्याचा मला भयंकर राग यायचा. मठात तसं नव्हतं. तिथला मान जाऊ नये म्हणून मी जे केलं, ते असं. एका सहकारी बाईंचं ऐकून मी मोबाइलवर शेअर बाजाराचा नाद लावून घेतला आणि वर्षभरात साठवलेलं सगळं घालवलं. वहीत मात्र मी दर महिन्याला शिल्लक लिहीत गेले. दासोहाचा वाटा, किराणा, रिक्षा, आणि शेवटी शिल्लक सहा हजार. कधी साडेसहा.

अक्का काही भाबड्या नव्हत्या, पण माझ्यावर त्यांचा जीव होता. एका रविवारी त्यांनी माझी वही सगळ्यांसमोर उंच धरली. "ही विजू बघा. कुणाचा आधार न्हाई, तरी कसं नेटानं करून राहिली." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

समोर सोनाली बसली होती. घरी शिवणकाम करणारी, मांडीवर दोन वर्षांची मुलगी. तिचा नवरा महेश कापड दुकानात कामाला. तो तिच्याकडे वळून म्हणाला, "बघ. एकटी बाई इतकं वाचवती, आपण दोघं कमवून काय करून राहिलो?" पुढच्या महिन्यात त्यांच्या वहीत दूध निम्म्यावर आलं होतं. अक्कांनी विचारलं तेव्हा सोनाली म्हणाली, "विजूताईंचं बघून कमी केलं, अक्का." तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. मी पाणी प्यायला उठले.

दिवाळीनंतर अक्कांच्या हृदयाचं दुखणं वाढलं आणि त्यांना लातूरला दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेले. त्या म्हणाल्या, "आता वर्ग तू घे, विजू. तुझ्याइतकं चोख कोणाचं न्हाई." हे मात्र मला सोसवेना. मी सगळं सांगून टाकलं.

वाटलं होतं, रागावतील, नाहीतर पाठीवरून हात फिरवतील. दोन्ही झालं नाही. "मला फशिवलंस, ते जाऊ दे," त्या म्हणाल्या. "पण त्या लेकराचं दूध मी तोडलं की गं, तुझी वही दाखवून." मग डोळे मिटून घेतले. "सोनालीला सांग. मला सांगून काय उपेग न्हाई."

तिसऱ्या दिवशी अक्का गेल्या. मधल्या दिवसांत मी सोनालीच्या गल्लीत दोनदा गेले आणि दोन्ही वेळा कोपऱ्यावर भाजी घेऊन परत आले.

अक्कांना माती देऊन सगळे परतत होते, तेव्हा सोनालीनं माझा हात धरला. "आता तुमचाच आधार, ताई." मग तिथेच रस्त्याच्या कडेला, उभ्या उभ्या, मी तिला सांगितलं. तिनं हात सोडला.

"म्हंजे मला जमत नव्हतं, त्यात माझं काही चुकत नव्हतं?"

"नाही."

"चार महिने आमचे हे मला उधळी म्हणून राहिले, ताई. त्याचं काय?"

तिनं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती निघून गेली.

वर्ग आता सगळे मिळून चालवतात. पुढच्या रविवारी मी खरा हिशेब वाचून दाखवला. उठताना सोनाली माझ्यासमोर आली आणि तिनं वहीसाठी हात पुढे केला. तेव्हापासून दर रविवारी ती माझी वही घेते, ओळ न् ओळ वाचते, खाली सही करते आणि परत देते. वर्ष होत आलं. ती माझ्याशी अजून बोललेली नाही.