दुपारच्या झोपेचं ग्राफिक्स

धायरीच्या राजनंदिनीने यंदा गणपती मंडळाचा देखावा लॅपटॉपवर उभा केला होता. बैठकीत तिने बटण दाबलं, आणि पडद्यावरचा किल्ला धापा टाकत, अडखळत फिरू लागला.

"विसर्जनापर्यंत पोचेल ना?" अध्यक्षांनी विचारलं. सगळे हसले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग एकदम आठवलं. जड चित्रं झरझर फिरवणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड चालू झालं की लॅपटॉपचा पंखा घोंघावायचा आणि सासरे, हिंदुराव, दुपारच्या झोपेतून खेकसत उठायचे. म्हणून तिनेच सगळं काम प्रोसेसरमधल्या साध्या, शांत ग्राफिक्सवर टाकलं होतं.

"घरात झोपमोड नको म्हणून मीच याचं तोंड दाबलंय," ती ठणकावून म्हणाली. "आता बघा."

तिने सॉफ्टवेअर बंद केलं, सेटिंगमध्ये त्याला वेगळं कार्ड नेमून दिलं आणि पुन्हा उघडलं. पंखा गरजला. किल्ला झरझर फिरला, दरवाजे उघडले, बुरुजांवर मशाली पेटल्या. टाळ्या थांबेनात.

"आवाज फार आहे हो याचा," अध्यक्ष पुटपुटले.

मागच्या खुर्चीतून हिंदुराव उठले.

"वाजू दे, पोरी! उद्यापासनं दुपारचा मी मारुतीच्या देवळात झोपणार हाय."