ग्यानीरामच्या मागं राहिलेली भरमार

“दसरा होऊ द्या वयनी. दसरा झाला का मंग तुमची बंदूक अन् तुमी. कुठी फेकाची तठी फेका.”

“फेकाले ते का भाजीचे देठ होय, भाऊजी?” तुलसाबाई तांदूळ पाखडत होती, सूप काही थांबलं नाही. “कागद आला ना. पाटील घरी येऊन सांगून गेला, जमा करा मनून.”

“कागद भाऊच्या नावानं आला. भाऊ गेला. मेलेल्या मानसाले कोन पकडून राहिला?”

“मेलेल्याले नाई पकडत. घरात जित्ते हायेत त्याईले पकडते.”

टेकचंद खाटेवरून उठला, अंगणात थुंकला आणि भिंतीपलीकडच्या आपल्या घरात निघून गेला. तुलसाबाईचा हा धाकटा दीर. दवनीवाड्याच्या अलीकडच्या गावात पटले भावांची ही दोन घरं एकाच भिंतीला टेकून उभी होती, आणि इकडचं वाक्य तिकडे जायला दार लागत नव्हतं.

साल २००९, भादव्याचे शेवटचे दिवस. विधानसभेची निवडणूक लागली होती. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा कागद यायचा, तसा यंदाही आला. पण ज्याच्या नावानं आला तो ग्यानीराम, तुलसाबाईचा नवरा, जेठातच गेला होता. उन्हाळी धानाच्या राखणीवरून तापानं फणफणत घरी आला, बंदूक माजघरात खुंटीला टांगली, खाटेवर पडला आणि चौथ्या दिवशी कारभार आटोपला. तेरवी झाली, रोवणा म्हणजे धानाची लावणी झाली. बंदूक खुंटीवरच राहिली.

ती भरमार होती. नळीच्या तोंडातून दारू अन् छर्रे ओतायचे, लोखंडी गजानं ठासायचे, मागं फुटणारी टोपी बसवून घोडा पाडायचा. धानात रानडुकरं उतरतात म्हणून ग्यानीरामच्या बापानं परवाना काढला होता. बाप गेल्यावर ग्यानीरामनं चपला झिजवून तो आपल्या नावानं करून घेतला. बंदुकीनं डुक्कर मेलं एकही नाही, निदान ग्यानीराम तसं सांगायचा. आवाजानं पळाली मात्र ढीगभर.

दसऱ्याला ह्या घरची एक रीत होती. विळे, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ मांडायचे आणि मधोमध बंदूक. हळदकुंकू लागलं की घरच्या कर्त्या पुरुषानं घोड्याखाली टोपी ठेवून एकदा फोडायची. नुसती टोपी, नळीत काही नाही. फट्ट आवाज झाला की बाया हसायच्या आणि पानं वाढली जायची. यंदा तो मान टेकचंदचा होता.

मानापुरती गोष्ट असती तर तुलसाबाईनं दसरा होऊ दिला असता. पण चार दिवसांपूर्वी शेजारच्या वावरवाल्या उदारामनं रातोरात धुरा, म्हणजे मधला बांध, फोडून पाणी आपल्या धानाच्या बांधीत घेतलं होतं. धान पोटरीत आलेलं, या दिवसांत एका पाण्यासाठी सख्खा भाऊ भावाची मान धरतो. सकाळी टेकचंद धुऱ्यावर उभा राहून सगळ्या वावराला ऐकू जाईल असा ओरडला, “उदाराम, भाऊची बंदूक अजून घरात हाये. ध्यानात ठेवजो!” तुलसाबाई तेव्हा बांधीत वाकून निंदत होती. टेकचंद वाईट माणूस नव्हता. पण मोहाची घोटली की तो टेकचंद राहत नसे, आणि हल्ली तो रोज घोटत होता. दसऱ्याला बंदूक त्याच्या हातात गेली तर पुन्हा खुंटीवर येणार नाही, हे तिला उभ्या धानासारखं स्पष्ट दिसलं. तिथंच तिचं ठरलं.

दिराशी ह्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं माजघराला कुलूप ठोकलं, किल्ली कमरेला खोचली आणि पोलीस पाटील केवळरामच्या फटफटीवर मागं बसली. बंदूक घरीच. पिशवीत परवान्याचं पुस्तक आणि मृत्यूचा दाखला. आधी विचारून यायचं, मग हात लावायचा, असा तिचा हिशेब.

ठाण्यातला जमादार गोंदिया शहरातला, अर्धं बोलणं हिंदीत.

“बाई, आदमी गेला तो परवाना भी गया समझो. तीन महिने घरात ठेवली, हे बरोबर नाही केलं.”

“नाई केला,” तुलसाबाई म्हणाली. “रोवना होता.”

जमादारानं तिच्याकडे पाहिलं आणि पुढचा दम गिळला. मग नीट समजावून सांगितलं. बंदूक आधी जमा करायची, ठाण्यात नाहीतर परवान्याच्या दुकानदाराकडे. मग वारसांपैकी कोणाला पाहिजे असेल तर त्यानं आपल्या नावानं परवाना मागायचा. नसेल तर परवानावाल्याला विकायची. तेही नको असेल तर सरकारजमा करा म्हणून वारसांनी लिहून द्यायचं.

“अन् देराले पायजेन मनते तं?”

“दीर वारस नाही. वारस तुम्ही, मुलगा, मुलगी. दीराला हवी तर त्यानं स्वतःचा परवाना मागावा. आज त्याच्या हातात दिली, तो देनेवाली भी अंदर, लेनेवाला भी अंदर.”

“हे कागदावर लिहून द्या न.”

“काय लिहून देऊ?”

“हेच. माह्या देराले वाचता येते. आयकू नाई येत.”

केवळराम तोंडावर दुपट्टा धरून हसला. जमादारानं दोन ओळी लिहून दिल्या.

त्या ओळी तुलसाबाईनं टेकचंदच्या बायकोच्या, निर्मलाबाईच्या हाती दिल्या आणि पोरांना फोन लावला. पोरगी रिंकी तिरोड्याला दिलेली. ती म्हणाली, “मी तं बाबा गेले तवापासून मनून राहिली, माय, देऊन टाक.” पोरगा धनेंद्र नागपूरला कंपनीत. तो मात्र अडला.

“माय, बाबाची निशानी हाये ते.”

“निशानी पायजेन तं बाबाचा विरा ने. रोज धान कापत जाय.”

“अठी नागपुरात कुठी धान?”

“मंग बंदुकीसाठी तठी डुक्कर तरी कुठून आनशील?”

धनेंद्र गुरुवारी आला, बंदूक जमा करायच्या कागदावर सही करून संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. शुक्रवारी रिंकीची सही झाली.

शनिवारी घट बसायचे होते. केवळराम दहा वाजता येणार होता. तुलसाबाईनं माजघर उघडलं, बंदूक काढून ओसरीवर आणली आणि टेकचंद हजर झाला. मागं निर्मलाबाई.

“वयनी, वाचला मी कागद. जमा करा, मी नाई मनत नाई. पन नऊ दिवस राहिले. खाली बंदूक हाये, कोनाले चावते का? टोपी फोडतो, दुसऱ्या दिवशी मीच नेऊन देतो.”

“खाली हाये मनून कोन सांगतला?”

“भाऊ दसऱ्याले खालीच ठेवत होता.”

“आदल्या दिवशी वावरात जाऊन उडवून येत होते मनून खाली राहत होती. तुमी आयत्या टोपीले बसत होते, भाऊजी.”

ती हे बोलली आणि तिचीच जीभ अडली. यंदा वावरात जाऊन कोणी उडवली होती?

गजावर ग्यानीरामनं कानशीनं एक खाच पाडली होती. नळी रिकामी असली की गज तळाला टेकतो आणि खाच बरोबर तोंडाशी येते. भरली असली की खाच वर राहते. राखणीच्या मचाणावर नवऱ्याबरोबर वीस पावसाळे काढलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. तिनं घोड्याखाली टोपी नाही हे आधी पाहिलं. नळीचं तोंड वर करून बंदूक खांबाला टेकवली, स्वतः बाजूला उभी राहिली आणि हात लांब करून गज आत सोडला.

गज थांबला. खाच तोंडाच्या वर चार बोटं.

राखणीवरून आणली तशी, ठासलेली. तीन महिने त्या खुंटीखाली तुलसाबाईनं अंथरूण टाकलं होतं. दोनदा फडक्यानं पुसलीही होती. गज टाकून पाहावा हे तिलाही सुचलं नव्हतं, आणि त्या चुकीचा राग तिला टेकचंदपेक्षा जास्त आला.

“दसऱ्याले आरतीचं ताट घेऊन बंदुकीच्या नरीसमोर कोन बसते, भाऊजी?”

टेकचंदनं मागं वळून बायकोकडे पाहिलं. दरसाल निर्मलाबाई बसायची.

निर्मलाबाई वळली. आत गेली, पाण्यानं भरलेली गुंडी घेऊन आली आणि जावेच्या हातात दिली. तुलसाबाईनं तांब्या तांब्यानं नळीत पाणी ओतलं, तोंडातून वाहून ओसरीवर येईपर्यंत.

“गंजते ना ते! भाऊची बंदूक खराब करून राहिल्या तुमी!”

“करून राहिली.”

“पटल्याच्या घरात का राहील मंग?”

“मानसं राहतीन,” भिंतीला टेकून निर्मलाबाई बोलली. “तुमी घरात चला आता.”

टेकचंद घरात गेला नाही. फावडं उचलून वावराकडे गेला.

ठाण्यात तुलसाबाईनं बंदूक टेबलावर ठेवण्याआधीच सांगितलं, “भरली होती. पानी घातला. तरी तुमचा जानकार पाहून घेईन तवाच हात लावजा.” जमादारानं नळी भिंतीकडे करवली आणि कागद पुढं ओढला.

“विकायची का? जुना माल आहे, दुकानदार घेईल कदाचित.”

“विकली तं कोन्या गावात जाईन, कोनाच्या धुऱ्यावर जाईन, मले का मालूम? सरकारजमा लिवा. वापस नोको.”

तिनं सही केली. शिक्क्याची पोच मागितली, बंदुकीचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळतो का ते केवळरामकडून दोनदा वाचवून घेतलं, पोच पिशवीत घातली आणि उठली.

“चहा घ्या, बाई.”

“दोन बांध्या निंदाच्या राहिल्या,” ती म्हणाली.

केवळरामनं तिला वावराच्या तोंडाशीच उतरवलं. फुटलेल्या धुऱ्यावर टेकचंद आणि उदाराम समोरासमोर उभे होते, दोघांच्या हातात फावडी, दोघांची तोंडं चालू. एकमेकांच्या बापापर्यंत पोचले होते. तिला पाहून टेकचंद क्षणभर थांबला.

“देऊन आल्या?”

“आली.”

“बरं,” म्हणाला, आणि उदारामला पुढची शिवी घालता घालता मातीचं ढेकूळ धुऱ्याच्या फुटलेल्या तोंडात टाकलं. उदारामही शिव्या देत देतच बाजूनं माती ओढू लागला. पाण्याचं कोणाचं किती हे काही मिटलं नव्हतं, ते दिवाळीपर्यंत मिटणारही नव्हतं.

तुलसाबाईनं पोचीची पिशवी बाभळीला अडकवली, लुगडं वर खोचलं आणि पाण्यात उतरली. ह्या बांधीत गवत फार माजलं होतं. तिनं एक मूठ धरली, मुळासकट उपटली, धुऱ्यावर भिरकावली आणि दुसरीला हात घातला.