कुंभारीणबाईंची नजर

मिठाचा सत्याग्रह होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. अलिबागला मुलींच्या शाळेत मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. आमचे चित्रकलेचे मास्तर तरुणपणी जपानात राहून आलेले. तिथे म्हणे पाहुण्यांपुढे एकदा भाजलेले साधे वाडगे ठेवतात. पाहुण्यांनी त्यांवर चित्रं काढायची, वाडगे झिलईत, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या चकाकणाऱ्या लेपात, बुडवायचे, आणि तासाभरात ते भट्टीतून लालबुंद बाहेर निघतात. या भाजणीला राकू म्हणतात. आपणही करून बघू, असं मास्तरांनी ठरवलं. त्यांच्यासोबत त्यांचे मित्र, गावातले डॉक्टर, आणि मी.

कुंभारवाड्यातल्या एका बाईंनी अंगण दिलं. मास्तरांनी विटांची कमरेएवढी भट्टी रचली, कोळसा पेटवला. डॉक्टर भाता मारायला बसले. मास्तरांनी घडवून आणलेला पहिला वाडगा आत ठेवला आणि तो फट्‌कन फुटला. दुसराही गेला, तिसराही.

कुंभारीणबाई पुढे झाल्या. त्यांनी एक तुकडा उचलला, मोडला, बोटांत चुरला.

"मास्तर, माती लई मऊ हाय ही. येवढी आच येकदम सोसायची न्हाय."

"मग काय करू?"

"जुनी खापरं कुटून घाला हिच्यात."

जपानात शिकलेला माणूस रागावेल असं मला वाटलं. मास्तर मात्र खाली बसले आणि म्हणाले, "कुटायला काय घेऊ, सांगा."

नवे वाडगे घडून, वाळून, बाईंच्या आव्यात, त्यांच्या नेहमीच्या भट्टीत, भाजून निघायला तीन आठवडे गेले. मी माझ्या वाडग्यावर खेकडा काढला; डॉक्टर म्हणाले, विंचू झकास जमलाय. मग वाडगे काचेची पूड आणि टाकणखाराच्या झिलईत बुडवून आत ठेवले.

मास्तर घड्याळ धरून होते. "पाऊण तास झाला. काढू?"

बाईंनी विटेच्या फटीतून आत पाहिलं. "थांबा. अजून खरबरीत दिसतंय."

झिलई त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. तरी त्या फटीवरून डोळा हलवेनात. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता पान्यावानी चकाकतंय. काढा!"

मास्तरांनी सांडशी त्यांच्याच हातात दिली. बाईंनी एकेक वाडगा असा अलगद उचलला, जणू झोपलेलं मूल. अंगणातल्या वाळूवर ठेवताच ते टिणटिण वाजू लागले आणि झिलईवर केसांसारख्या बारीक रेषा उमटत गेल्या. एकही फुटला नाही. डॉक्टरांनी भाता टाकून टाळ्या वाजवल्या.

"माझ्या जपानी गुरूंनंतर अशी नजर आज पाहिली," मास्तर म्हणाले.

बाई हसल्या. "नजर कसली? रोज चुलीम्होरं बसतो आमी."

पुढच्या महिन्यात मास्तरांनी हेडबाईंची परवानगी काढून कुंभारीणबाईंना शाळेत बोलावलं. खुर्ची दिली, तर त्यांनी ती बाजूला सारली. पदर खोचून जमिनीवर बसल्या आणि वर्गातल्या सगळ्या मुलींना कोपरापर्यंत चिखलात घातलं. मीही त्या दिवशी मुलींच्या रांगेत बसले.