घोडच्या काठावर तंबू टिकला नाही

मी रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. चौदा वर्षं झाली. टेबलावर पार्ट आला की गेज लावून मोजल्याशिवाय मी तो पास करत नाही, आणणारा कितीही मोठा साहेब असो. त्यामुळे दृष्ट, अमावस्या, अंगात येणं असल्या गोष्टींना आमच्या घरात मी कधी थारा दिला नाही. इथे लोकांनी लिहिलेले अनुभव वाचतानासुद्धा मी मनातल्या मनात रिजेक्टचा शिक्का मारत असायचे, हे कबूल करते. तेव्हा माझं लिहिलेलं तुम्हाला पटलं नाही तर मला राग येणार नाही... फक्त शेवटपर्यंत वाचा.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. आम्ही तिघं होतो – मी, माझा नवरा महेश आणि माझा धाकटा भाऊ सागर. आम्ही शिरूरला राहतो, सागर माझ्या माहेरी, राहू गावात, शेती बघतो. तालमीतला गडी, अंगानं भरलेला, आणि डोकं कायम तापलेलं. तोंडातून शब्द निघायच्या आत याचा हात उठलेला असतो. एकाच गोष्टीला घाबरतो – पाण्याला. लहानपणी कॅनॉलमध्ये बुडता बुडता वाचला होता, तेव्हापासून पोहायला शिकलाच नाही.

महेशला कॅम्पिंगचा नाद आहे. त्यानं हवा भरायची कायाक, म्हणजे छोटी होडी, घेतली होती आणि कधी एकदा पाण्यात उतरवतो असं त्याला झालं होतं. "दाजी, लाईफ जॅकेट असंल तर येतो," म्हणत सागर तयार झाला.

शनिवारी सकाळी शिरूरहून निघालो. घोड धरणाच्या बॅकवॉटरला, चिंचणीच्या अलीकडे, उसातून एक कच्चा रस्ता खाली पाण्यापर्यंत जातो. तिथं जमिनीची एक जीभ पाण्यात शिरलेली आहे. डाव्या हाताला शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी आणि पाईप, उजव्या हाताला वेड्या बाभळी, आणि मधे हिरवळीचा सपाट तुकडा. समोर पाणी आणि पलीकडे श्रीगोंद्याचा काठ. तंबूसाठी इतकी सुंदर जागा मी आजवर पाहिली नव्हती. ती रिकामी कशी, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता.

गाडी उसाच्या कडेला लावून सामान उतरवत होतो तेवढ्यात मोटारीकडून एक म्हातारे गृहस्थ आले. साठी ओलांडलेली, अंगात बंडी, डोक्याला टॉवेल. हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे. नमस्कार नाही, काही नाही.

"तिथं नका टाकू," ते म्हणाले.

"का हो आप्पा?" महेशनं विचारलं.

"नका टाकू म्हंजी नका टाकू. माझ्या रानात टाका, बांधावर टाका. तिथं न्हाई."

सागर पुढे झाला. "जागा तुमची हाय का? सातबारा दाखवा."

"माझी न्हाई. कुणाचीच न्हाई."

"मंग तुमचं काय जातंय?"

आप्पांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "माझं काय न्हाई जात," एवढंच म्हणून ते मोटारीकडे परत गेले. त्यांचा सूर मला अजिबात आवडला नाही. मी महेशला म्हणाले, "गाववाल्यांना बाहेरची माणसं नकोच असतात."

अकराच्या सुमारास तंबू उभा केला. चौघांचा, निळा. चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, आत मॅट टाकल्या, बॅगा ठेवल्या. मग कायाक घेऊन काठाकाठानं बाभळींच्या पलीकडे गेलो, कारण तिथं चिखल कमी होता. महेश आणि सागर पाण्यात फिरले, मी काठावरून बदकांचे फोटो काढले. मजेत होतो.

परत आलो तर हिरवळीवर तंबू नव्हता.

तो गाडीजवळ होता. पिशवीत, चेन लावलेली. शेजारी मॅट गुंडाळून ठेवलेल्या, त्यावर आमच्या बॅगा. मी चेन उघडून पाहिली. ज्यांनी कधी तंबू वापरलाय त्यांना माहीत असेल, एकदा बाहेर काढलेला तंबू पुन्हा त्या पिशवीत जाता जात नाही. आम्ही दोघं दर वेळी त्यावर बसून, गुडघे टेकवून तो कोंबतो. इथं तो असा बसला होता की वर वीतभर जागा शिल्लक होती. खुंट्या धुतलेल्या होत्या. मातीचा कणसुद्धा नाही.

आसपास दुसरं कोणी नव्हतं. दूर मोटारीपाशी फक्त आप्पा.

सागर धावतच गेला. आम्ही पोचेपर्यंत त्यानं त्यांची बंडी धरली होती. "आमच्या सामानाला हात का लावला? सांगा!"

"मी न्हाई लावला. तुमीच काढला तंबू," आप्पा म्हणाले.

"वर तोंड करून बोलताय?"

"व्हय. तुमीच काढला. मी हितनं बघत व्हतो."

सागरनं त्यांना ढकललं. म्हातारा माणूस, पाईपला अडखळून चिखलात बसला. महेशनं सागरला मागे ओढलं. आणि मी... मी त्यांच्या हातांकडे बघत होते. ग्रीस तसंच होतं, कोपरापर्यंत, ओलं. आणि आमच्या निळ्या तंबूवर एक काळा डाग नव्हता. मला ते दिसलं होतं. माझं कामच ते आहे. तरी मी तोंड उघडलं नाही, कारण मलाही राग आला होता आणि तो कोणावर तरी काढायचा होता.

आप्पा स्वतःच उठले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, भावाला घिऊन घरी जा. मला जे सांगायचं ते सांगितलं."

महेशचं म्हणणं पडलं की आपण जाऊ. सागर ऐकेना. त्यानं त्याच जागी तंबू पुन्हा उभा केला, खुंट्या दगडानं मुळापर्यंत ठोकल्या, दोर बाभळीला बांधला. मग बूट काढून आत शिरला. "मी आत झोपतो. बघू कोण काढतंय." आतून चेन ओढल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला.

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी मुद्दाम घड्याळ बघितलं. महेश आणि मी गाडीजवळ बसलो होतो, तंबूपासून चाळीस पावलांवर, मधे काहीही आड नाही. लख्ख ऊन. सागरच्या घोरण्याचा आवाज तिथपर्यंत येत होता आणि आम्ही त्याला हसत होतो. मी थर्मास उघडला, दोन कपांत चहा ओतला. चांगली वाफ येत होती. झाकण लावायला मान खाली घातली आणि वर केली.

हिरवळ रिकामी होती.

आवाज नाही, हालचाल नाही. पिशवी माझ्या पायाशी होती. चेन लावलेली.

"सागर!" महेश ओरडला. मी मात्र पिशवीकडे बघत राहिले. या वेळी ती फुगलेली होती. मला ती उचलवेना. महेशनं चेन ओढली. आत तंबू होता, खुंट्या होत्या, आणि सगळ्यात वर सागरचा टी-शर्ट, ट्रॅक पॅन्ट, घड्याळ आणि गळ्यातली चेन. कपड्यांची घडी इस्त्रीवाल्यासारखी. शेजारी बूट, दोन्ही एका रेषेत.

मी किंचाळले. आधाराला हात टेकला तो चहाच्या कपाला लागला. चहा गार होता. वर जाड साय धरलेली.

मोटारीकडून आप्पा धावत येत होते, खांद्यावर दोरखंड. "पानी बघा! पान्यात हाय त्यो!"

सागर खरंच पाण्यात होता. बाभळींच्या पुढे, काठापासून बराच आत, छातीपर्यंत पाण्यात. पाठ आमच्याकडे. बुडत नव्हता, हात मारत नव्हता... चालत होता. बाजाराला निघाल्यासारखा सावकाश. पाण्याला घाबरणारा माझा भाऊ. मी हाका मारल्या तरी त्यानं मान वळवली नाही. पुढच्या पावलाला पाणी गळ्याशी आलं, त्याच्या पुढच्या पावलाला डोकं दिसेना.

महेशनं उडी टाकली, पण त्याच्या पुढे आप्पा होते. चिखलात ज्यांना आम्ही पाडलं होतं ते आप्पा. दोराचं एक टोक माझ्या हातात देऊन "वढ म्हणलं की वढ" म्हणाले आणि बुडी मारली. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग ओरडले, "वढ!" मी ओढलं. हाताची सालटी निघाली तरी कळलं नाही.

काठावर आणल्यावर सागरच्या नाकातोंडातून पाणी बाहेर आलं आणि तो श्वास घेऊ लागला. डोळे उघडेच होते. माझा चेहरा दिसला मात्र, तो मागे सरकला. हातांवर, ढुंगणावर, चिखलातून, माझ्यापासून लांब.

"जातो म्हणलं ना!" तो रडत म्हणाला. "जात होतो की मी!"

महेशनं त्याला टॉवेल गुंडाळला. आप्पा बाजूला खोकत बसले होते. मी त्यांच्याजवळ गेले. "आप्पा, कोणी केलं हे? तुम्ही काय बघितलं?"

त्यांनी तोंड पुसलं. "सकाळीच सांगितलं की. तुमीच. सकाळी तुमी तिघं माघारी आला, तंबू काढला, खुट्या पान्यात धुतल्या, गाडीपाशी ठिवलं आन् परत गेला. एका शब्दानं बोलला न्हाई एकमेकाशी. आत्ता तुमी दोघं. मी हाका मारत व्हतो, पर तुमी वर बघाना. मंग ह्यो पान्याकडं चालाय लागला तवा मी पळालो."

मी घड्याळ पाहिलं. तीनला पाच कमी. ज्या वेळात मी एक झाकण लावलं होतं, तेवढ्यात निदान अर्धा तास तरी कुठेतरी गेला होता. रात्री शिरूरला, सागरला दवाखान्यात ठेवल्यावर, मी फोन काढला. माझ्या फोनमध्ये पावलं मोजली जातात. फोन दिवसभर माझ्याजवळच होता. दोन वाजून दहा मिनिटांनंतर, जेव्हा मी गाडीजवळ बसून होते, तेव्हाची सहाशेच्या वर पावलं त्यात होती.

महेशला दाखवलं. त्यानं फोन उलटा करून ठेवला.

सागरच्या सगळ्या तपासण्या झाल्या. आमच्याही झाल्या. चूल पेटवलेली नव्हती, बाहेरचं काही खाल्लं नव्हतं, दारूला आमच्यापैकी कोणी शिवत नाही. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास असेल. जानेवारीत?

पंधरा दिवसांनी मी एकटीच आप्पांकडे गेले. वस्तीवर खाटेवर बसले होते, छाती अजून भरलेली होती. मी पाया पडले, माफी मागितली, ग्रीसचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. बसायला सांगितलं नाही.

"तिथं काय आहे आप्पा?"

"आमाला म्हाईत न्हाई. इचारायचं बी न्हाई. मेंढरं तिथं बसत न्हाईत. एकदा मी कांदा वाळत टाकला व्हता, माझ्याच हातानं भरून घरी आणला. कवा भरला, न्हाई आठवत." मग म्हणाले, "माफी बिफी ऱ्हाऊ द्या. परत येऊ नका म्हंजी झालं." त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल जराही माया नव्हती, आणि ती मी मागावी असं मला वाटलंही नाही.

सागर शरीरानं बरा झाला. काय झालं ते त्यानं मला सांगितलं नव्हतं, त्याच्या बायकोला सांगितलं होतं. रक्षाबंधनाला मी राहूला गेले तेव्हा तिनं मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं. त्याला म्हणे मी उठवलं होतं. तंबूची चेन बाहेरून उघडून मी आत वाकले आणि म्हणाले, "ऊठ. इथं तुझं काही नाही. कपडे दे आणि खाली जा." त्यानं विचारलं, ताई खाली कुठं? तर मी पाण्याकडे बोट केलं. तो म्हणाला, मला पोहता येत नाही. त्यावर मी म्हणाले, "माहीत आहे." आणि त्याच्या टी-शर्टची घडी घालत राहिले.

बाहेरच्या खोलीत सागर पाटावर बसला होता. मी ओवाळलं, राखी बांधली. त्यानं हात पुढे केला, पण पूर्ण वेळ बायकोचा पदर दुसऱ्या हातात धरून ठेवला. एवढा मोठा गडी. मी पेढा भरवायला गेले तर म्हणाला, "ताटात ठेव, मी घेतो."

मला वाटलं, तिथंच त्याचा हात धरून शपथेवर सांगावं की ती मी नव्हते. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी ज्याची खात्री केलेली नाही त्यावर सही करत नाही, आणि त्या अर्ध्या तासाची खात्री मला कोणी देऊ शकत नाही. बोलणारं कोण होतं ते मला माहीत नाही. हात माझे होते, एवढं माहीत आहे.